धावणाऱ्या मुलींचे सर्दी-पडसे

इस्लापूरहून किनवटकडे वा हिमायतनगरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधुक प्रकाशात धावणाऱ्या मुली दिसू लागल्या, ही नांदेड जिल्ह्याच्या या डोंगराळ टोकाची लक्षात घेण्याजोगी सामाजिक घटना म्हटली पाहिजे. कोणी पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी धावते, कोणी निमलष्करी दलांच्या जाहिरातींकडे डोळे लावून असते, कोणाला आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री शर्यतीतून विद्यापीठाच्या संघात जागा हवी असते, तर कोणाचे लक्ष हिवाळ्यात ठिकठिकाणी भरणाऱ्या 'मॅरेथॉन' नामक शर्यतींच्या रोख बक्षिसावर असते. एका पिढीपूर्वी ज्या घरांत मुलीने रस्त्यावर धावणे हेच बेशिस्तीचे लक्षण मानले जाई, त्या घरांतील बाप आता मोटारसायकलीचा दिवा मागून धरून तिला सोबत करतात. या बदलाचे स्वागत करताना कोणी हात आखडता घेऊ नये.

परंतु या धावण्याबरोबर येणाऱ्या एका गोष्टीची नोंद कोठेच होत नाही. महाविद्यालयातील पहिल्या तासाला याच मुली खोकत बसलेल्या असतात. घसा बसलेला, नाक वाहते, डोळे जड. सरावाचे अंतर वाढले की, किंवा एखादी मोठी शर्यत पार पडली की आठवड्याच्या आत हे दुखणे डोके वर काढते. बरे झाले म्हणेपर्यंत पुन्हा उलटते. घरची मंडळी त्याची कारणे चटकन सांगतात. पहाटेचा वारा लागला. घामाघूम असताना माठातले पाणी प्यायली. आणि सरतेशेवटी, मुलीची जातच नाजूक, तिला हे झेपायचे नाही. यांपैकी पहिली दोन कारणे निरुपद्रवी म्हणून सोडून देता येतील. तिसऱ्याला मात्र उत्तर दिले पाहिजे, कारण त्याच्या आधारे धावणे बंद होते, आणि या भागात मुलीचे धावणे बंद झाले की पुढचा विचार बहुधा तिच्या लग्नाचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांची लग्ने वयाच्या अठराव्या वर्षाआधी झालेली होती, आणि मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून पुष्कळ अधिक आहे. अशा प्रदेशात खोकला ही केवळ खोकल्यापुरती बाब राहत नाही.

दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंना श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक होतात काय, हा प्रश्न जगात गेली चाळीस वर्षे अभ्यासिला जात आहे. आणि त्याचे एक ठळक उदाहरण आपल्याच देशातील, किंबहुना आपल्याच राज्यातील खेळाडूंच्या संघात घडले आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ द जानेरो येथील ऑलिंपिक स्पर्धेत स्त्रियांच्या मॅरेथॉनमध्ये भारताकडून ओ. पी. जैशा आणि नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत या दोघी धावल्या. तीन हजार मीटरच्या स्टिपलचेस शर्यतीत सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर आणि उत्तर प्रदेशची सुधा सिंग या दोघी होत्या. ललिताने प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला व अंतिम शर्यतीत दहावा क्रमांक मिळविला. १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकच्या धावमार्गावर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. या आनंदाच्या बातमीपाठोपाठ दुसरी बातमी आली. सुधा सिंगला परतताच तापाने बंगळुरूच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. ब्राझीलमध्ये तेव्हा झिका विषाणूची साथ असल्याने प्रथम तीच शंका घेतली गेली. तपासणीत निघाला तो एच१एन१, म्हणजे ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणतो तो श्वसनमार्गाचा विषाणू. काही दिवसांतच जैशाच्या तपासणीतही तोच विषाणू आढळला.

या जैशाचीच मॅरेथॉनच्या मार्गावर पाणी न मिळाल्याची तक्रार त्या महिन्यात गाजली होती. शर्यत संपताच ती कोसळली होती. इतर देशांच्या पेयांच्या टेबलांवर माणसे उभी होती, आपल्या टेबलावर कोणी नव्हते, असे तिचे म्हणणे. खेळाडूंनी स्वतःच पेये नाकारली होती, असे भारतीय ॲथलेटिक्स महासंघाचे. क्रीडा मंत्रालयाने चौकशी समिती नेमली. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. पाण्याअभावीच विषाणू बळावला, असे म्हणणेही शास्त्राला धरून होणार नाही. तरी उन्हात ४२ किलोमीटर धावणे, खेळाडूंच्या वसाहतीतील दाटीची वस्ती, लांबचा विमानप्रवास आणि अपुरे खाणेपिणे या चार गोष्टी एका शरीरावर एकाच पंधरवड्यात येतात तेव्हा काय होऊ शकते, याचा विचार करावयास ही घटना पुरेशी आहे.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. १९८२ साली दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथील ५६ किलोमीटरच्या 'टू ओशन्स' शर्यतीतील १५० धावपटूंची आणि त्यांच्याच घरात राहणाऱ्या, परंतु न धावलेल्या व्यक्तींची तुलना एडिथ पीटर्स व एरिक बेटमन यांनी केली. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत धावपटूंपैकी ३३.३ टक्के लोकांना सर्दी, घसादुखी, खोकला यांपैकी काही ना काही झाले; घरातील इतरांत हे प्रमाण १५.३ टक्के होते. एकच छप्पर, एकच हवा, बहुधा एकच स्वयंपाक, फरक धावण्याचा. पुढे १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन या संशोधकाने दोन हजारांहून अधिक धावपटूंकडून माहिती मागविली. शर्यतीनंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के आजारी पडले. तेवढाच सराव केलेल्या, पण आजाराव्यतिरिक्त अन्य कारणाने शर्यतीत न उतरलेल्या लोकांत ही संख्या अवघी २.२ टक्के होती. शर्यतीपूर्वीच्या महिन्यांत आठवड्याला ९६ किलोमीटरपेक्षा अधिक धावणाऱ्यांना ३२ किलोमीटरपेक्षा कमी धावणाऱ्यांच्या दुपटीने आजार झाले, असेही आढळले.

या आकड्यांवरून नीमन याने एक वक्र रेषा काढली, तिचा आकार इंग्रजी 'जे' अक्षरासारखा. अजिबात व्यायाम न करणाऱ्याला सर्दी-पडशाचा धोका मध्यम. रोज माफक व्यायाम करणाऱ्याला तो त्याहून कमी. आणि अतिश्रम करणाऱ्याला सर्वांत अधिक. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अशा रेषा परिचयाच्या असतात. खताची मात्रा वाढवीत गेले तर उत्पन्न काही काळ वाढते व पुढे उलट घटू लागते, हे तो पहिल्याच वर्षी शिकतो.

कारणमीमांसा अशी केली गेली की, दीर्घकाळ जोरदार धावल्यावर शरीरातील ताणाची संप्रेरके वाढतात, रक्तातील रोगाशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशींची संख्या काही तास उतरते आणि तोंडातील लाळेत असणारे 'इम्युनोग्लोब्युलिन ए' नावाचे प्रतिपिंड कमी होते. हे प्रतिपिंड म्हणजे नाक-घशाच्या वेशीवरचा पहारेकरी. तो पेंगला असता विषाणूला आत शिरणे सोपे जाते. या काही तासांच्या अवधीला 'उघडी खिडकी' असे सुटसुटीत नाव पडले आणि ते क्रीडाशिक्षकांच्या तोंडी रुळले.

सुटसुटीत नावे फसवीही असतात. २०१८ साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या जॉन कॅम्पबेल व जेम्स टर्नर यांनी या खिडकीवरच आक्षेप घेतला. रक्तातील पेशी कमी होतात म्हणजे मरतात असे नाही, त्या फुप्फुसे, आतडी अशा ठिकाणी, जेथे शत्रू येण्याचा संभव अधिक तेथे, पहाऱ्यावर जातात, असे त्यांचे म्हणणे. शिवाय जुन्या पाहण्या बहुतांशी धावपटूंच्या स्वतःच्या सांगण्यावर उभ्या होत्या. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजारी म्हणविणाऱ्या खेळाडूंच्या नाक-घशाची प्रत्यक्ष तपासणी केली, तेव्हा जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या प्रसंगांतच रोगजंतू सापडले. उरलेल्यांचा घसा थंड-कोरड्या हवेने, धुळीने किंवा श्रमाने येणाऱ्या दम्यासारख्या विकाराने धरला असावा. हा आक्षेप महत्त्वाचा आहे. आपल्या रस्त्यांवरची धूळ, कापणीनंतर जाळलेल्या धसकटांचा धूर आणि पहाटे पेटलेल्या चुली लक्षात घेतल्या, तर आपल्याकडील खोकल्याचा मोठा भाग संसर्गाचा नसून हवेचा असणे अगदी शक्य आहे. त्यावरचा इलाजही मग निराळा. प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी धुळीचा खोकला जात नाही, हे औषधांच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्या पालकांनी ध्यानात घेतलेले बरे.

शास्त्रज्ञांतील हा वाद मिटलेला नाही. परंतु २०२० मध्ये नीमन व टर्नर यांच्यासह दोन्ही पक्षांच्या मंडळींनी एकत्र येऊन आपापली मते एकाच लेखात मांडली, तेव्हा व्यवहाराच्या दृष्टीने उपयोगी असे पुष्कळ साम्य दिसून आले. श्रमाने प्रतिकारशक्ती किती खालावते याविषयी मतभेद असले, तरी अपुरा आहार, अपुरी झोप, मानसिक ताण, लांबचे प्रवास आणि गर्दीतून होणारा जंतूंचा संपर्क यांनी खेळाडू आजारी पडतो, हे उभय पक्षांना मान्य आहे. आपला प्रश्न नेमका येथे सुरू होतो. धावणे किती आणि कसे, हे क्रीडाशिक्षक ठरवील. ताट, झोप आणि निवास यांचा विषय मात्र घराचा, संस्थेचा आणि खर्चाच्या अंदाजपत्रकाचा आहे, आणि त्याविषयी अर्थशास्त्राच्या शिक्षकाने चार शब्द बोलणे आगाऊपणाचे ठरू नये.

मुलीची जात नाजूक, या म्हणण्याचा निकाल आधी लावू. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घ पल्ल्याच्या पुरुष व स्त्री खेळाडूंचा हिवाळाभर मागोवा घेऊन २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रियांच्या लाळेतून स्रवणारे ते प्रतिपिंड पुरुषांपेक्षा कमी भरले, हे खरे; पण प्रत्यक्ष आजारी पडण्याच्या प्रमाणात दोहोंत फरक आढळला नाही. याचा अर्थ असा की, बरोबरीचे खाणे, बरोबरीची झोप आणि बरोबरीची देखभाल जेथे मिळते, तेथे स्त्री-देह पुरुष-देहापेक्षा अधिक सर्दाळू ठरत नाही. मग आपल्याकडील मुलगी वारंवार का आजारी पडते, या प्रश्नाचे उत्तर तिच्या जातीत न शोधता तिच्या ताटात शोधावे लागते.

या ताटाचा हिशेब मांडण्यासारखा आहे. शरीराला लागणारी ऊर्जा व्यायामात खर्च झाल्यावर जी शिल्लक उरते, तिच्यावर हृदय, मेंदू, पाळीचे चक्र, हाडे आणि प्रतिकारशक्ती यांचा प्रपंच चालतो. अमेरिकेतील ॲन लाउक्स या संशोधिकेच्या प्रयोगांवरून असे मानले जाते की, तरुण स्त्रीला चरबी वगळून उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे ४५ उष्मांक शिल्लक असावेत. ते ३० च्या खाली गेले की पाच दिवसांतच पाळीचे नियमन करणारी संप्रेरके विस्कळीत होऊ लागतात. आता ४५ किलो वजनाची एक मुलगी घेऊ. चरबी वगळता तिचे शरीर धरा ३६ किलो. तिला शिल्लक हवी १,६२० उष्मांकांची. ती रोज १२ किलोमीटर धावते. धावण्याचा खर्च दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे ढोबळमानाने एक उष्मांक, म्हणजे ५४० उष्मांक. एकूण गरज झाली २,१६० उष्मांकांची. तिने १,६०० उष्मांकच खाल्ले, तर शिल्लक राहिली १,०६०, म्हणजे दर किलोमागे २९. धोक्याची रेषा ओलांडली गेली. आणि गंमत अशी की त्या मुलीला आपण उपाशी आहोत असे वाटतही नाही, कारण तिची न धावणारी बहीण तेवढेच खाते आणि ठणठणीत असते.

पाचशे चाळीस उष्मांक म्हणजे काय? शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी सुमारे साडेतीनशे उष्मांकांची धरली, तर दीड भाकरी. मुलगी धावू लागली म्हणजे घरातल्या परातीत दर दिवशी दीड भाकरीचे पीठ, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर घट्ट वरण वाढले पाहिजे, हा या साऱ्या शास्त्राचा घरगुती अर्थ. किती घरांत ते वाढते? मुलगा तालमीत जाऊ लागला की त्याच्यापुढे दुधाचा पेला येतो, अंडी येतात. याची आपल्या घरांना शतकानुशतकांची सवय आहे. मुलगी धावून आली की तिच्यापुढे बहुधा झाडू येतो. ती जेवते ती सर्वांच्या मागून, आईबरोबर, आणि उरलेले. येथे कोणी दुष्ट नाही. आपल्या घरांतील वाटपाचे नियम मुलगी धावत नव्हती त्या काळात ठरले, आणि धावणे सुरू झाल्यावर ते कोणी बदलले नाहीत, एवढेच.

ऊर्जेची ही तूट केवळ गरिबाघरची गोष्ट आहे असेही समजू नये. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंच्या या विकाराला स्वतंत्र नाव दिले, ते श्रीमंत देशांतील खेळाडूंच्या अनुभवावरूनच. तिथे वजन कमी म्हणजे वेग जास्त या समजुतीने मुली स्वेच्छेने कमी खातात. रिओच्या तयारीतील ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या पाहणीतही ऊर्जेच्या तुटीचा आणि आजारपणाचा संबंध दिसून आला. आपल्या शहरांतील शिकवणी-वर्गांच्या मैदानांवर हीच समजूत येऊन पोहोचली आहे. ती गावाकडच्या अपुऱ्या ताटाला मिळाली, तर दुष्काळात तेरावा महिना म्हणावयाचा.

तुटीची पहिली खूण पाळी लांबणे वा थांबणे ही असते. हा विषय दैनिकाच्या पानावर काढल्याबद्दल काही वाचक नाक मुरडतील. पण न बोलण्यानेच नुकसान होत आले आहे. धावणाऱ्या कित्येक मुली पाळी थांबली याला सोयच समजतात, आणि पुरुष क्रीडाशिक्षकाला ते विचारण्याचा संकोच वाटतो. जपानमधील महाविद्यालयीन स्त्री धावपटूंच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांची पाळी थांबली होती त्यांच्या लाळेतील प्रतिपिंडही कमी आढळले आणि सर्दी-खोकल्याच्या तक्रारीही अधिक आढळल्या. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे सिद्धान्त बांधू नयेत. तरी थांबलेली पाळी आणि न थांबणारा खोकला ही एकाच रिकाम्या तिजोरीची दोन लक्षणे असू शकतात, इतके समजून घेण्यास तो पुरेसा आहे.

लोहाचे तर सांगावयासच नको. उपर्युक्त पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात घामावाटे, पचनमार्गातून आणि टाचांच्या आघाताने लोहाचा आणखी थोडा ऱ्हास होतो. म्हणजे निम्म्याहून अधिक मुली ज्या भांडवलाने धावावयाचे तेच तुटीत घेऊन मैदानावर उतरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घेणे अवघड नाही आणि लोहाच्या गोळ्या तेथे मिळतात. पण बूट घेण्याआधी रक्त तपासावे, असे सांगणारा कोणी भेटत नाही.

झोपेचा हिशेब त्याहून वाईट. अमेरिकेत १६४ निरोगी लोकांची झोप यंत्राने मोजून नंतर त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांत सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक आढळली. आता पहाटे साडेचारला उठून धावणारी, दिवसा महाविद्यालय, संध्याकाळी भांडी-स्वयंपाक आणि रात्री अकरापर्यंत स्पर्धा परीक्षेची पुस्तके असा दिवस काढणारी मुलगी किती तास झोपते, याचे गणित वाचकांनीच करावे. तिचा भाऊही पहाटे धावतो, पण सकाळी आठला परत येऊन तो पुन्हा आडवा होऊ शकतो. एका खोलीत आठ-दहा जणी राहतात अशा भरतीच्या शिकवण्यांच्या निवासांत तर एकीचे पडसे आठवड्यात साऱ्यांचे होते, आणि ते जिरवण्यासाठी सगळ्या जणी पहाटे पुन्हा धावतात.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगणे अगत्याचे आहे. 'पळालीस की घामाबरोबर ताप जाईल' हा सल्ला धोकादायक आहे. दुखणे नाकाशी आणि घशाशी असेल, ताप नसेल, तर हलके धावण्यास सहसा हरकत नसते. ताप, अंगदुखी किंवा छातीत उतरलेला खोकला असताना मात्र धावणे बंदच ठेवले पाहिजे. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात, आणि अशा हृदयावर जोरदार श्रम लादले तर प्राणावर बेतू शकते. तसेच दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला 'धावण्याचा' म्हणून सोडून न देता थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोग या देशातून गेलेला नाही, आणि त्याची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य आहेत.

हे सारे मुलींना सांगून भागेल काय? आमच्या मते नाही, आणि हाच मुद्दा उपदेशकांच्या ध्यानात येत नाही. ज्या मुलीच्या वर्षभराच्या कष्टांचा निकाल एका सकाळी, एका मैदानावर लागणार आहे, तिने ताप लपवून धावणे हा तिच्या दृष्टीने मूर्खपणा नसून सरळ व्यवहार आहे. बक्षीस एकच आणि तारीख एकच असली की कोणताही शहाणा माणूस दुखणे अंगावर काढील. म्हणून ज्या संस्था चाचण्या व स्पर्धा घेतात त्यांनी, वैद्यकीय दाखला आणणाऱ्या उमेदवाराला दुसरी तारीख मिळेल, असा नियम जाहिरातीतच ठळकपणे छापला पाहिजे. खोटे दाखले येतील, अशी हाकाटी होईल, येतीलही थोडे. दाखला तपासण्यास एक वैद्यकीय अधिकारी लागतो. आजारी मुलीला धावावयास लावण्याची किंमत त्याहून मोठी आहे.

दुसरी गोष्ट शर्यती भरविणाऱ्यांची. फलक, कमानी, पाहुण्यांचे हारतुरे, छापील बनियने यांवर खर्च होतो तसा धावमार्गावरच्या गूळ-पाण्यावरही व्हावा. दीर्घ पल्ल्यात मधूनमधून साखरेचे पाणी घेतले तर ताणाची संप्रेरके कमी चढतात, हे प्रयोगांनी दाखविलेले आहे. त्याने पडसे हमखास टळते असे नाही, पण थकवा निश्चित कमी होतो, आणि लिंबू, मीठ, गूळ व उकळून गार केलेले पाणी यांची व्यवस्था हाताबाहेरची नाही. पेले मात्र प्रत्येकीला वेगळे हवेत. एकाच तांब्याने सर्वांनी पाणी पिणे ही आपल्या मैदानांवरची आवडती पद्धत रोगांनाही आवडते.

प्रतिकारशक्ती वाढविण्याचे रंगीत डबे विकणाऱ्यांविषयी एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. यांतील बहुतेकांच्या मागे विश्वसनीय पुरावा नाही. क जीवनसत्त्वाची गोष्ट थोडी निराळी आहे. सर्वसामान्य माणसाला ते रोज घेतल्याने सर्दी टळत नाही; परंतु मॅरेथॉन धावपटू, बर्फावरचे खेळाडू आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, अशा सुमारे सहाशे जणांवरील पाच प्रयोगांत सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. आणि क जीवनसत्त्वासाठी डबा कशाला हवा? आवळा किनवटच्या रानात पिकतो आणि पेरू दर आठवडी बाजारात मिळतो. सहस्रकुंडाला सहलीला जाणारी मंडळी वाटेत आवळे घेऊन खातात, तेवढे धावणाऱ्या मुलीच्या ताटात पोहोचले तरी पुष्कळ झाले.

आमच्या या लिहिण्यावर एक आक्षेप संभवतो. जेथे मुलींच्या शाळागळतीचा, पाण्याचा, रोजगाराचा प्रश्न आहे, तेथे सर्दी-पडशाचे कौतुक कशाला? सावरपाड्याच्या कविता राऊतने डोक्यावरून पाणी वाहिले, अनवाणी धावली, आणि तरीही २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविलेच ना? परभणीची ज्योती गवते जानेवारी २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉनमधील भारतीय स्त्रियांत पहिली आलीच ना? हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. पण त्यात एक जुनी चूक आहे: जे गळून पडले त्यांची गणतीच त्यात होत नाही. एक कविता पदकापर्यंत पोहोचली म्हणून खडतर वाट हाच उत्तम सराव ठरत नाही. त्याच वाटेवरून किती जणी दुसऱ्या हिवाळ्यातील खोकल्यानंतर घरी बसल्या, याचे पुस्तक कोणी ठेवलेले नाही.

ते पुस्तक ठेवणे मात्र शक्य आहे आणि त्याला सरकारी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या जिमखान्यात सरावाची हजेरीवही असते. तिच्यात आणखी चार रकाने आखावेत: काल रात्रीची झोप किती तास, आज ताप-खोकला आहे काय, सकाळी धावण्याआधी काय खाल्ले, आणि महिन्यातून एकदा वजन. पाळीची नोंद एखाद्या प्राध्यापिकेने वेगळ्या वहीत, मुलीच्या संमतीने आणि गुप्ततेने ठेवावी. लागोपाठ दोन आठवडे एखादीच्या नावापुढे खोकला दिसला तर तिचे अंतर निम्मे करावे, तिला आरोग्य केंद्रात पाठवावे आणि घरी निरोप धाडावा. निरोप तिच्या आईबरोबरच बापालाही जावा, कारण परातीतील पीठ किती असावे याचा निर्णय आपल्याकडे अजूनही बाजारातून धान्य आणणाराच करतो. जिमखाना शुल्काच्या शिलकीतून सरावानंतर प्रत्येकीला पन्नास ग्रॅम शेंगदाणे आणि गुळाचा खडा देता येईल. त्यातून तीनशेच्या आसपास उष्मांक मिळतात. विद्यापीठाच्या क्रॉस कंट्री संघाची निवड पुढच्या खेपेस होईल तेव्हा वेळेच्या आकड्यांशेजारी ही वही निवड समितीपुढे ठेवली, आणि कोणती मुलगी किती वेगाने धावली याबरोबर ती वर्षातून किती आठवडे आजारी होती हेही समितीने वाचले, तर कामाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.